पुनर्बांधणीच्या काळात महागडे फ्री एजंट घ्यावेत का?

प्रश्न: बेसबॉलच्या मेजर लीगमधील जो संघ तरुण खेळाडूंच्या बळावर नव्याने उभा राहत आहे आणि पुढची दोन वर्षे तरी प्लेऑफपासून (हंगामाअखेरच्या बाद फेरीपासून) दूर आहे, त्याने तिशी ओलांडलेल्या फ्री एजंटशी, म्हणजे करार संपून कोणत्याही संघात जायला मोकळ्या झालेल्या खेळाडूशी, सहा-सात वर्षांचा करार करणे योग्य आहे का?

प्रतिसाद १: माझ्या मते नाही. अशा करारात सर्वोत्तम वर्षे सुरुवातीचीच असतात आणि ती नेमकी हरण्यात वाया जातात. शिवाय त्या खेळाडूने जुन्या संघाची क्वालिफाइंग ऑफर (ठरावीक रकमेच्या एका वर्षाच्या कराराचा प्रस्ताव) नाकारलेली असेल, तर त्याला घेणाऱ्या संघाला ड्राफ्टमधील, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील, एक निवडही गमवावी लागते, आणि पुनर्बांधणी करणाऱ्या संघासाठी हे नुकसान पैशांपेक्षाही मोठे आहे.

प्रतिसाद २: सरसकट नकार मला पटत नाही. टेक्सास रेंजर्सने २०२१ मध्ये १०२ सामने गमावले, त्यानंतर कोरी सीगरला १० वर्षांसाठी ३२.५ कोटी आणि मार्कस सेमियनला ७ वर्षांसाठी १७.५ कोटी डॉलर देऊन करारबद्ध केले. २०२२ मध्येही ९४ पराभव झाले, पण २०२३ मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकली. करार करताना सीगर अवघा २७ वर्षांचा होता, हे मात्र विसरू नये.

प्रतिसाद ३: शिकागो कब्जने २०१४ च्या अखेरीस अनुभवी पिचर जॉन लेस्टरला १५.५ कोटी डॉलरला घेतले, तेव्हा त्यांचा तरुण फलंदाज क्रिस ब्रायंट मुख्य संघाच्या दाराशी उभा होता. तरुण खेळाडूंची पुढची फळी एका वर्षावर आली असेल तरच मी असा खर्च करीन, त्याआधी नाही.