फेन्सिंग बिघडलेलं नाही, नाव बदललंय

क्लस्टरमधल्या (जोडीनं चालणाऱ्या सर्व्हरांमधल्या) मशीनचं होस्टनेम बदलून रीबूट केल्यापासून फेन्सिंगला, म्हणजे बिघडलेलं मशीन बाजूला काढणाऱ्या यंत्रणेला, 'डिव्हाइस सापडत नाही' म्हणताय ना? मग केबल-पॉवर तपासत बसू नका. खानापूरकडच्या एका पतसंस्थेत मी यातच आख्खी रात्र घालवलीय. मशीनचं नाव होतं 'बेळगाव१', कुणीतरी हौसेनं 'बेळगावी१' केलं. २०१४ मध्ये शहराचं सरकारी नाव बदलल्यापासून पाट्यांवर चाललेला घोळ सर्व्हरात शिरला, दुसरं काय!

पेसमेकर (क्लस्टर सांभाळणारा प्रोग्राम) नोडचं, म्हणजे क्लस्टरमधल्या एकेका मशीनचं, नाव आधी कोरोसिंकच्या (मशिनींचं आपसातलं बोलणं चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) नोडलिस्टमधल्या 'नेम'मधून घेतो. ते नसेल तर रिंग-झिरोचा (नोडच्या पहिल्या नेटवर्क जोडणीचा) पत्ता बघतो, पण तिथं नुसता आयपी असला तर थेट होस्टनेम उचलतो. तुमच्याकडं हेच झालंय असं वाटतं. फेन्सिंगच्या होस्ट-लिस्टमध्ये आणि लोकेशन कन्स्ट्रेंटमध्ये (काय कुठल्या नोडवर चालवायचं त्या नियमात) जुनंच नाव बसलंय, त्यामुळं नवं नाव फेन्सिंगला ओळखीचंच नाही.

नोडलिस्टमध्ये 'नेम' हातानं लिहा, दोन्ही मशिनींवर कोरोसिंकची फाइल अक्षरन्‌अक्षर सारखी. जुनंच नाव लिहिलंत तर कन्स्ट्रेंटला हात लावायला नको. आणि हो, होस्ट्स फाइलीत स्वतःच्या नावापुढं १२७.०.१.१ आहे का बघा. उबुंटू ती ओळ गुपचूप टाकतं. रिंगच्या पत्त्यात नाव वापरलं असेल तर कोरोसिंक लूपबॅकवरच (मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर) बसतो, शेजारच्या नोडला पत्ताच नाही.