उरलेली औषधं सुदानला पाठवता येतील का?

शेंगाचटणी_सोलापूर
नमस्कार मंडळी. यजमानांना जाऊन दोन महिने झाले. घरात औषधांची दोन खोकी पडून आहेत. न फोडलेल्या स्ट्रिपा, सलाईनचे सेट, फ्रिजमध्ये इन्सुलिनची चार पेनं. बिलं जुळवली तर अकरा हजारांचा माल निघाला. सुदानमध्ये एप्रिल 2023 पासून लढाई चाललीय, दवाखाने बंद पडलेत. आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 साली युद्धातल्या जखमींसाठी डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तेव्हा सुभाषबाबूंच्या हाकेवर लोकांनी वर्गणी काढून ते पथक पाठवलं होतं. मला काही जाता यायचं नाही, पण ही खोकी तरी जातील का? कुरियरवाला नाही म्हणतो.

मिरजेचा_कंपाउंडर
काकू, वाचून वाईट वाटलं. पण स्पष्टच सांगतो, पाठवू नका.

मी फार्मासिस्ट आहे (आयडी बायकोची कृपा). एका वैद्यकीय संस्थेच्या दक्षिण सुदानातल्या गोदामात नऊ महिने काढलेत. रोज दोनदा फ्रिजचं तापमान वहीत लिहायचं, 2 ते 8 अंश. एका रात्री जनरेटर बसला आणि बर्फाच्या पेट्यांत लशी हलवता हलवता उजाडलं. इन्सुलिनचंही तेच. तुमची पेनं पार्सलात चार दिवस उन्हात राहिली की संपलं, आणि बाहेरून बघून काही कळत नाही.

एकदा कुणीतरी प्रेमाने पाठवलेलं खोकं आलं. चौदा प्रकारच्या गोळ्या, कशाच्या आठ तर कशाच्या तीन, नावं तिथल्या कुणालाच वाचता न येणाऱ्या लिपीत, वर सिरप सांडलेलं. दोन माणसांचा अख्खा दिवस निवडण्यात गेला आणि शेवटी सगळं जाळलं. बाहेर जखमी रांगेत होते. अजून राग येतो.

हे मोठ्या प्रमाणावर झालं बोस्नियात. 1992 ते 96 च्या युद्धात निरुपयोगी औषधांचा तिथे सुमारे 17,000 टनांचा ढीग साचला. 1996 साली जागतिक आरोग्य संघटनेने नियमच घालून दिले: रुग्णाला दिलेलं परत आलेलं औषध नको, डॉक्टरांकडची सॅम्पलं नकोत, आणि माल पोचेल तेव्हा किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी.

तिथे लागतं ते ठरलेल्या संचातून येतं. एक संच म्हणजे 10,000 माणसांचं तीन महिन्यांचं औषध. ऑपरेशनला केटामाइन, कारण ते मोठ्या यंत्रसामग्रीशिवाय देता येतं. आणि तुमच्या आयडीवरून आठवलं, कुपोषित पोरांना शेंगदाण्याचीच पेस्ट देतात! 92 ग्रॅमची पुडी, 500 कॅलरी. पण गोड. तुमच्या चटणीची सर नाही.

तेव्हा पैसे द्या. आणि जमलं तर ‘फक्त सुदानसाठी’ अशी अट घालू नका. 2004 च्या त्सुनामीनंतर डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सने काही दिवसांतच सांगितलं होतं, त्सुनामीसाठी पुरे झाले, आता दुसरीकडे वापरू द्या.

तर्री_पोहे
मेळघाटातली पोरं दिसत नाहीत का? थेट सुदान?

मिरजेचा_कंपाउंडर
मेळघाटला तुम्ही द्या, पावती इथे टाका. मीही तेवढेच टाकतो.

खतावणी
काकू, पैशांचं मी सांगते. संस्थेला आधी विचारा की पैसा देशाबाहेर खर्च होतो का. भारतात नोंदलेल्या धर्मादाय संस्थांना बाहेर खर्च करायला करकायद्यात अडचणी असतात, त्यामुळे कधी तो इथल्याच कामाला लागतो. तेही वाईट नाही, पण माहीत असलेलं बरं. 80जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची करसवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि 2,000 च्या वर रोख दिलंत तर नाहीच. परदेशातल्या संस्थेला थेट पाठवलंत तर सवलत विसरा.

शेंगाचटणी_सोलापूर
सवलत नको मला. पेन्शनमधून महिना 500 निघतील. पण खोक्यांचं काय करू? टाकून द्यायचं जिवावर येतं हो.

मिरजेचा_कंपाउंडर
मुदत असलेल्या न फोडलेल्या स्ट्रिपा आणि बिलं घेऊन तुमच्या नेहमीच्या केमिस्टकडे जा. ओळखीचा असेल तर परत घेईल. ते पैसेच पहिला हप्ता म्हणून पाठवा. पेनं नाही घेणार तो. ती असू द्या फ्रिजमध्ये, घाई नाही.