मदत हवी आहे: केक मधोमध बसतो, बेदाणे तळाला जातात

भाऊबीजेला आमच्या सांगलीच्या घरी वीसेक माणसं जमणार. सासूबाईंना अंडं चालत नाही, म्हणून कढईत मीठ तापवून रव्याचा केक करून पाहिला. २ वाट्या बारीक रवा, १ वाटी दही, १ वाटी साखर, पाव वाटी तेल, शेवटी अर्धा चमचा सोडा. फुगला झकास, पण गार होताच मधोमध खड्डा! तासगावचे बेदाणे मैद्यात घोळवून घातले होते, तरी सगळे बुडाशी. सोडा जास्त झाला, की मी २० मिनिटांत झाकण उघडून डोकावले ते नडलं? (राहवत नाही हो.) आणि दुप्पट करायचा तर एकाच मोठ्या डब्यात, की दोनदा लावू? भडंग, चिवडा तयार आहे. अडलंय ते केकपाशीच. ताईंनो, सांगा पटकन.