फॉर्म्युला वनची खर्चमर्यादा: रेड बुलला नेमकं काय भोवलं?

पिटवॉल: 2021 मध्ये प्रत्येक संघाला वर्षाची खर्चमर्यादा 14.5 कोटी डॉलर, ड्रायव्हरचे पगार वेगळे. तरी रेड बुल संघाने ती ओलांडली कशी?

गिअरबॉक्स: सर्वाधिक पगाराचे तिघे, मार्केटिंग, प्रवास हेही बाहेरच. पण जेवणासारखे खर्च रेड बुलने चुकीने वगळले. जादा खर्च 1.6 टक्के निघाला. करसवलत नीट मांडली असती तर 0.37च.

शिकेन: 70 लाख डॉलर दंड त्यांना जड नव्हता. खरी झळ विंड टनेल (हवेच्या बोगद्यातली चाचणी) आणि सीएफडी (हवेच्या प्रवाहाचं संगणकीय गणित) यांच्या कपातीची. विजेत्या संघाला या चाचण्यांचा आधीच 70 टक्केच वाटा, त्यात दहा टक्के कपात, म्हणजे 63. माझ्या मते हीच शिक्षा योग्य.

पिटवॉल: आणि अपघाताची दुरुस्ती?

गिअरबॉक्स: मर्यादेतच. दोन-तीन मोठे अपघात झाले की नव्या फ्लोअरचे (गाडीच्या तळाचे) पैसे सुट्या भागांत जातात.