एचजीपीआरटीवर व्हायव्हात अडकलो, युरिक ॲसिड नेमकं वाढतं का?

रामबागचा_बंड्या:
मंडळी, एमएससी बायोकेम, दुसरं सेम, इंदूर. परवा व्हायव्हात पाच मिनिटांत पितळ उघडं पडलं. सर म्हणाले प्युरिन सॅल्व्हेजचं, म्हणजे डीएनए-आरएनएतले जुने प्युरिन बेस परत वापरायच्या वाटेचं, मेन एन्झाइम सांग, मी म्हटलं हायपोझँथिन ग्वानिन फॉस्फोरिबोसिल ट्रान्सफरेज, म्हणजेच एचजीपीआरटी, इथवर गाडी बरोबर. मग म्हणे ते नसेल तर युरिक ॲसिड का वाढतं, मी म्हटलं परत वापरलं जात नाही ते वाया जातं म्हणून, तर म्हणे हे अर्धं उत्तर, उरलेलं अर्धं सांग. ते माझ्याकडे नव्हतंच. वर दुसरा बाउन्सर, ॲक्टिव्ह साइटवरची (एन्झाइमच्या कामाच्या जागेवरची) लूप मिटते कशाला आणि ॲडेनिन हा प्युरिन बेस का चालत नाही. मी फळ्यावर चार गोळे काढून टेट्रामर (चार सब्युनिटांचं एन्झाइम) लिहिलं आणि खडू धरून उभा राहिलो. सोमवारी परत बोलावलंय. पुस्तकात नुसते बाण आहेत हो, कुणीतरी साध्या भाषेत सांगा.

निवृत्त_बाई:
अरे बंड्या, आईच्या हातचा शिळ्या पोळीचा कुस्करा खाल्ला असशील ना, तिथूनच धर. नवीन पोळी म्हणजे कणीक भिजवा, तिंबा, लाटा, भाजा. पेशीतही पीआरपीपीपासून (फॉस्फेट लागलेली रायबोज साखर) आयएमपीपर्यंत (तयार प्युरिन न्यूक्लिओटाइड) दहा पायऱ्या आणि मधे मधे ऊर्जेसाठी एटीपी मोजायचं ते वेगळंच. कुस्करा मात्र एका फोडणीत होतो. डीएनए-आरएनए मोडून शेवटी जे हायपोझँथिन आणि ग्वानिन उरतं ती शिळी पोळी, एचजीपीआरटी त्याला पीआरपीपीतलं रायबोज-फॉस्फेट एका झटक्यात जोडतं, हायपोझँथिनचं आयएमपी होतं, ग्वानिनचं जीएमपी, आणि पायरोफॉस्फेट सुटतं. मॅग्नेशियम लिहायला विसरू नकोस, मी स्वतः तिथे मार्क कापायचे.

आता उरलेलं अर्धं. घरात तेलाची बुधली एकच. फोडणीलाही तेच तेल आणि नव्या पोळीलाही तेच, हे तेल म्हणजे पीआरपीपी. कुस्करा बंद झाला की तेल साठतं, आणि नव्या पोळीची पहिली पायरी करणारं जे एन्झाइम आहे, पीआरपीपी अमिडोट्रान्सफरेज, ते पीआरपीपी वाढलं की सुसाट सुटतं. त्याला ब्रेक लावतात आयएमपी आणि जीएमपी, म्हणजे पोट भरलेली माणसं 'आता पुरे' म्हणतात तसं. कुस्कराच नाही तर पुरे म्हणणारेही कमी. मग शिळ्या तर टाकल्या जातातच, वर नव्या पोळ्यांची थप्पी लागते, त्याही शिळ्या होतात आणि झँथिन ऑक्सिडेजच्या हातून युरिक ॲसिड होऊन जातात. 'वाया जातं' हे तू सांगितलंस, 'गरजेपेक्षा जास्त बनतं' हे राहिलं.

पेप्टाइड_भिया:
बाई, कुस्करा एक नंबर. मी आपल्या इंदूरच्या कचरागाडीचं उदाहरण देणार होतो पण कचरागाडी म्हणजे तर झँथिन ऑक्सिडेज झालं, गाडीत पडलं की गेलं.

लूपचं ऐक. एक सब्युनिट, म्हणजे एक प्रथिनसाखळी, २१८ अमिनो ॲसिडची, पहिलं मेथिओनिन कापलं जातं म्हणून २१७ उरतात, अशा चार. माणसाच्या एन्झाइमचं जीएमपीसकट क्रिस्टल स्ट्रक्चर १९९४ साली आलं. आधी पीआरपीपी बसतं, मागून बेस, म्हणजे हायपोझँथिन किंवा ग्वानिन. शंभराव्या नंबरच्या पुढे एक लांब लवचीक लूप आहे, एरवी ती मोकळी हलत असते, दोन्ही पाहुणे बसले की झाकणासारखी वरून मिटते. कारण पायरोफॉस्फेट सुटताना रायबोजचा पहिला कार्बन क्षणभर पॉझिटिव्ह चार्जकडे झुकतो, त्या वेळी पाणी आत शिरलं तर बेसच्या ऐवजी पाणीच जोडलं जाईल आणि पीआरपीपी फुकट जाईल. काम झालं की झाकण उघडतं, पायरोफॉस्फेट आधी बाहेर, न्यूक्लिओटाइड नंतर आणि सावकाश.

ॲडेनिनचं सोपं आहे. हायपोझँथिन आणि ग्वानिन दोघांच्या सहाव्या जागी ऑक्सिजन, ॲडेनिनच्या तिथे अमिनो ग्रुप. १६५ नंबरचं लायसिन त्या ऑक्सिजनला धरतं, ॲडेनिनला ओळखच दाखवत नाही. १८६ चं फिनाइलअलानिन रिंगला रिंग लावून बसतं आणि १३७ चं अस्पार्टेट सातव्या नायट्रोजनचा प्रोटॉन सांभाळतं. फळ्यावर एवढे तीन काढलेस तरी सर गप्प. ॲडेनिनसाठी एपीआरटी हे वेगळं एन्झाइम आहे.

सुदामानगर_काका:
माझा नि केमिस्ट्रीचा संबंध अकरावीतच संपला, पण युरिक ॲसिड ८.२ आलंय आणि अंगठा असा सुजतो की चादर लागली तरी ओरडावंसं वाटतं. दाल-बाफले बंद झाले, घरात रोज त्यावरून भांडण. माझंही हेच एन्झाइम बिघडलंय का?

नाइट_ड्युटी:
काका, बहुधा नाही. साध्या गाउटमध्ये (युरिक ॲसिडच्या सांधेदुखीत) बहुतेकांचं दुखणं हे की किडनी युरिक ॲसिड पुरेसं बाहेर टाकत नाही. या एन्झाइमचा जीन एक्स क्रोमोसोमवर आहे म्हणून त्रास जवळजवळ मुलांनाच, आणि थोडं एन्झाइम शिल्लक असलं तर विशी-पंचविशीतच गाउट आणि मुतखडे सुरू होतात, त्याला केली-सीगमिलर सिंड्रोम म्हणतात. तुम्ही आपल्या डॉक्टरांनाच विचारा, इथलं वाचून गोळी सुरू करू नका.

बंड्या, एन्झाइम जवळजवळ शून्य असलं की लेश-नायहन सिंड्रोम. मी पेडियात (बालरोग विभागात) असताना एक सात महिन्यांचं बाळ आलं होतं, मान धरत नव्हतं, आणि त्याची आई लंगोटातली नारिंगी वाळू कागदाच्या पुडीत बांधून घेऊन आलेली. नवजात बाळात पहिल्या काही दिवसांत असं दिसू शकतं, सातव्या महिन्यात नाही. आधी दोन ठिकाणी तिला 'पाणी कमी पाजता' म्हणून परत पाठवलेलं, पुडी कुणी उघडून बघितलीच नाही. पुढे ही मुलं स्वतःचेच ओठ, बोटं चावतात, दुखतं तरी थांबवता येत नाही, रडत रडत चावतात. १९६४ साली मायकेल लेश या विद्यार्थ्यानं आणि त्याचे शिक्षक विल्यम नायहन यांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं, आणि एन्झाइम नसतं हे सीगमिलर या संशोधकाच्या टीमनं १९६७ मध्ये दाखवलं.

बाई, तुमच्या कुस्कऱ्यात मेंदू बसत नाही बरं का. ॲलोप्युरिनॉल या झँथिन ऑक्सिडेज अडवणाऱ्या औषधानं युरिक ॲसिड खाली येतं, खडे आणि गाउट आटोक्यात राहतात, पण चावणं आणि हातापायांचे पीळ तसेच. म्हणजे दोष युरिक ॲसिडचा नाही, मेंदूच्या बेसल गँग्लियात (हालचाल सांभाळणाऱ्या भागात) डोपामिन कमी पडतं. आणि आणखी एक गंमत, एरवी ॲलोप्युरिनॉल दिलं की अडलेलं हायपोझँथिन सॅल्व्हेजमध्ये जातं, पीआरपीपी खर्च होतं, नवीन प्युरिन बनणंही कमी होतं. या मुलांत ती वाटच नाही, म्हणून हायपोझँथिन आणि झँथिन लघवीत वाढतं आणि डोस चढला तर झँथिनचे खडे होऊ शकतात. व्हायव्हात हे बोललास तर सर खुर्चीत सरळ होऊन बसतील.

निवृत्त_बाई:
मान्य, मेंदू माझ्या स्वयंपाकघरात मावत नाही. पुडीचं वाचून पोटात कालवलं.

रामबागचा_बंड्या:
सगळ्यांना दंडवत. काका, बाफले नाहीत तर पोहे चालू ठेवा. एकच शेवटचं, हॅट मिडियममध्ये, म्हणजे हायब्रिडोमा पेशी निवडायच्या माध्यमात, हेच एन्झाइम येतं ना?

पेप्टाइड_भिया:
हेच. अमिनोप्टेरिन नव्या पोळीचा रस्ता बंद करतं, हायपोझँथिन आणि थायमिडिन बाहेरून देतात, मग ज्याच्याकडे एचजीपीआरटी आहे तोच जगतो. मायलोमा (कॅन्सरच्या) पेशी मुद्दाम ते नसलेल्या घेतात, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी सेलशी जुळल्या तरच त्यांना ते मिळतं. एकट्या मायलोमा मरतात, एकट्या बी सेल तशाही काही दिवसांत जातात. उरतो तो हायब्रिडोमा, दोघांची जुळलेली पेशी.