टिसची (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची) प्रवेशाची मुलाखत सोमवारी आहे, लवकर सांगा

कोरडवाहू:
टिसची मुलाखत आहे. काय विचारतात? कोणी दिली असेल तर आजच सांगा, वेळ नाही.

माळरान:
कोर्स कोणता? मुंबईचं देवनार केंद्र की तुळजापूरचं?

कोरडवाहू:
तुळजापूर. सोशल वर्क, रूरल डेव्हलपमेंट. ऑनलाइन आहे. प्रश्न सांगा ना.

निवृत्त_मास्तर:
रोज आरशासमोर बोला. स्वतःची ओळख पाठ हवी. संस्थेची माहितीही हवी: 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने सुरुवात झाली.

माळरान:
मास्तर, मला साल कुणी विचारलं नाही. अर्जात मी रोजगार हमीबद्दल लिहिलं होतं, सगळा वेळ त्यावरच गेला. महाराष्ट्राचा कायदा 1977 चा, देशाचा 2005 चा, एवढं येत होतं. मग विचारलं, तुमच्या गावात शेवटचं काम कोणतं निघालं? मस्टर, म्हणजे हजेरीपट, कोण भरतं? तिथे अडकलो. कोरडवाहू, तू अर्जात काय लिहिलंयस?

निवृत्त_मास्तर:
पहिली दोन वाक्यं पाठ असली की घाबरलेलं पोर सावरतं. मी कितीतरी मुलं मुलाखतीला बसवलीत.

सोलापूरकर:
सोलापूरहून तुळजापूरला भरपूर एसट्या आहेत. मंगळवारी, शुक्रवारी देवीला गर्दी असते, लवकर निघा.

माळरान:
मुलाखत ऑनलाइन आहे हो, वर लिहिलंय.

कोरडवाहू:
ऊसतोडीचं लिहिलंय. आमच्या वस्तीवरची निम्मी घरं कारखान्यावर जातात. त्यांची मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, तिथे मी शिकवायचो. हे सांगण्यासारखं आहे का? आणि माझं इंग्रजी अडतं.

फडावरची:
अरे, हे आधी का नाही लिहिलंस! हेच तर सांगायचं. माझे आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे. विचारतील: उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, कोण देतं, ती फिटली नाही तर काय होतं? नवरा-बायको मिळून एक कोयता, मग बाईची मजुरी वेगळी का मोजत नाहीत? वसतिगृह असताना लोक वयात आलेली पोरगी सोबत का नेतात? तू पाहिलंस तेच सांग. एखाद्या मुलाचं सांग, नाव न घेता. वसतिगृहात काय कमी पडलं असं विचारलं तर सावरासावर करू नकोस. 'ग्रामीण विकास ही काळाची गरज' असलं एकही वाक्य नको. सुरुवातीलाच विचार, हिंदीत बोललं तर चालेल का. मी विचारलं होतं, चाललं. मुकादम (मजुरांची टोळी नेणारा), उचल हे शब्द तसेच वापर.

निवृत्त_मास्तर:
पुढे वाचायचं सगळं इंग्रजीतच असतं. सवय आजपासून लावा.

माळरान:
सोमवारपर्यंत काय होणार, मास्तर? प्रवेश झाल्यावर लावेल.

दाखलेवाला:
जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढ. शिष्यवृत्तीच्या वेळी तहसीलला फार गर्दी होते.

कोरडवाहू:
दाखले आहेत. यंदाच्या उचलीचा आकडा मला नक्की माहीत नाही, लोक परत आलेत, संध्याकाळी विचारतो. वस्तीवर रेंज नसते, त्याचं काय करू?

फडावरची:
रविवारीच तालुक्याला जा, ओळखीच्या कुणाकडे मुक्काम कर. लाइट गेली तर दुसरा फोन चार्ज करून ठेव. आणि उचलीचं बायकांनाही विचार, नुसतं पुरुषांना नको.