मदत हवी आहे : इंग्रजी अर्जात ‘मेडिकल’ हा शब्द नेमका कुठे चुकतो?

विश्रामबागकर, सांगली
माझ्या इंग्रजी अर्जातील ‘मेडिकल’ हा शब्द वरिष्ठांनी तीन ठिकाणी लाल शाईने गोल करून अर्ज परत पाठवला आहे. उद्या सकाळी अकराच्या आत तो दुरुस्त करून द्यायचा आहे. स्पेलिंग मी दोनदा तपासले, ते बरोबर आहे. हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो, मग त्यात चुकण्यासारखे काय आहे, हे कृपया लवकर सांगावे.

निवृत्त शिक्षक, मिरज
तीनही वाक्ये जशीच्या तशी द्यावीत. शब्द बरोबर असूनही वाक्य चुकू शकते.

गणपती पेठ
वाक्यांची वाट कशाला पाहायची? ‘मेडिकल’ काढून सगळीकडे ‘हेल्थ’ लिहा. माझ्या मुलाच्या रजेच्या अर्जात मी तसेच केले होते आणि त्याची रजा लगेच मंजूर झाली.

निवृत्त शिक्षक, मिरज
असा सरसकट बदल करू नये. ‘हेल्थ’ म्हणजे आरोग्य आणि ‘मेडिकल’ म्हणजे वैद्यकीय. औषधांच्या बिलाला कोणी ‘हेल्थ बिल’ म्हणत नाही.

विश्रामबागकर, सांगली
वाक्ये अशी आहेत : ‘आय वॉज ऑन मेडिकल फॉर फोर डेज. आय वेंट टू मेडिकल डेली. प्लीज सँक्शन माय मेडिकल.’ अर्थ स्पष्ट आहे, असे मला अजूनही वाटते.

निवृत्त शिक्षक, मिरज
अर्थ आपल्याला स्पष्ट आहे, कारण मराठीत हा शब्द आपण नाम करून टाकला आहे. पहिल्या वाक्यात तो रजा आहे, दुसऱ्यात औषधांचे दुकान आणि तिसऱ्यात बिलाची रक्कम. इंग्रजीत मात्र ते मुळात विशेषण आहे आणि त्याला पुढे आधाराला नाम लागते. पस्तीस वर्षे वर्गात मी एकच कसोटी सांगत आलो : त्या जागी ‘वैद्यकीय’ हा शब्द ठेवून वाक्य मराठीत मोठ्याने वाचावे. ‘मी रोज वैद्यकीयला गेलो’ असे वाचताच वाक्य लोंबकळते आणि पुढचे नाम गळाले आहे, हे कानालाच कळते. ‘वैद्यकीय दाखला’, ‘वैद्यकीय तपासणी’, ‘वैद्यकीय बिल’ हे नीट उभे राहतात, म्हणून ‘मेडिकल सर्टिफिकेट’, ‘मेडिकल चेकअप’, ‘मेडिकल बिल’ हेही बरोबर आहेत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : या विशेषणात कमीजास्तपणा नसतो, त्यामुळे ‘व्हेरी मेडिकल प्रॉब्लेम’ असे लिहू नये; ‘सीरियस मेडिकल प्रॉब्लेम’ असे लिहावे.

कृष्णाकाठ
सर, क्षमा असावी, पण ही कसोटी सगळीकडे लागू पडत नाही. मी सहा वर्षे इंग्लंडमध्ये नोकरी केली. रुजू होण्यापूर्वी तेथील लोकांनीच मला ‘यू विल हॅव टू हॅव अ मेडिकल’ असे सांगितले होते. तेथे ‘अ मेडिकल’ हे वैद्यकीय तपासणी या अर्थाचे सर्रास वापरले जाणारे नाम आहे. अमेरिकेत त्याच तपासणीला ‘फिजिकल’ म्हणतात.

निवृत्त शिक्षक, मिरज
आपले म्हणणे मान्य आहे. तेवढा एक अपवाद आहे. पण तो तपासणीपुरताच. रजा, दुकान किंवा बिल यांना इंग्लंडमध्येही कोणी नुसते ‘मेडिकल’ म्हणणार नाही.

गणपती पेठ
आमच्याकडे तर ‘मुलगी मेडिकलला आहे’ असेही म्हणतात आणि कोणाचे अडत नाही. ज्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभे केले आणि 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे हा शब्द घराघरांत रुळणारच.

कृष्णाकाठ
मराठीत तो खुशाल रुळावा. परंतु अर्ज वाचणारे वरिष्ठ परप्रांतातले असतील, तर त्यांना ‘स्टडीज मेडिसिन’ किंवा ‘इज इन मेडिकल कॉलेज’ असेच लिहिलेले बरे.

हळद व्यापारी, मार्केट यार्ड
विषय निघालाच आहे म्हणून आमचाही अनुभव सांगतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावर आम्ही पाकिटांवर इंग्रजी मजकूर छापून घेतला आणि त्यात ‘मेडिकल प्रॉपर्टीज’ असे लिहिले. बाहेरच्या एका खरेदीदाराने ते दाखवून दिले. हळदीला ‘मेडिसिनल प्रॉपर्टीज’ असतात. सगळी पाकिटे पुन्हा छापावी लागली.

निवृत्त शिक्षक, मिरज
मूळ प्रश्न हा नव्हता, तरी उदाहरण मोलाचे आहे. मराठी आपल्याला हा फरक आधीच शिकवते : जेथे ‘औषधी’ म्हणतो तेथे ‘मेडिसिनल’, जेथे ‘वैद्यकीय’ म्हणतो तेथे ‘मेडिकल’. आणि ज्या साबणात औषध घातलेले असते, तो ‘मेडिकेटेड’.

परिचारिका, मिरज
इतके सगळे बोलणे झाले, पण आजारी कोण होते, हे अजून कोणी विचारलेच नाही. रजा स्वतःच्या आजारपणाची होती का?

विश्रामबागकर, सांगली
नाही, वडिलांना मूतखड्यामुळे मिरजेत दाखल केले होते. ते सर्वांना ठाऊक असल्यामुळे लिहिले नव्हते. रुग्णालयाच्या कागदावर ‘मेडिकल मॅनेजमेंट’ असे लिहिले आहे. ती व्यवस्थापनाची काही बाब असावी, असे समजून मी तो कागद जोडला नाही.

परिचारिका, मिरज
तोच कागद अवश्य जोडावा. ‘मेडिकल मॅनेजमेंट’ म्हणजे शस्त्रक्रिया न करता औषधांनी केलेले उपचार. वॉर्डमध्ये आम्ही ‘मेडिकल’ आणि ‘सर्जिकल’ असा भेद करतो, तेथे ‘मेडिकल’चा अर्थ अधिक नेमका असतो. शिवाय, रुग्ण आपण नसून वडील असल्यामुळे ‘मेडिकल लीव्ह’ हे शब्दही आपल्या अर्जात शोभणार नाहीत. ती रजा साधारणपणे स्वतःच्या आजारपणासाठी समजली जाते.

निवृत्त शिक्षक, मिरज
म्हणजे पहिल्या वाक्यातून हा शब्द पूर्णच जातो. असे लिहावे : ‘आय वॉज ऑन लीव्ह फॉर फोर डेज टू लुक आफ्टर माय फादर, हू वॉज इन हॉस्पिटल. आय बॉट हिज मेडिसिन्स फ्रॉम अ केमिस्ट एव्हरी डे. आय एन्क्लोज द मेडिकल बिल्स अँड रिक्वेस्ट रीइंबर्समेंट.’ तिन्हींपैकी एकाच ठिकाणी ‘मेडिकल’ राहिला, आणि तेथे त्याच्यापुढे ‘बिल्स’ हे नाम आहे.

विश्रामबागकर, सांगली
मनापासून आभार. एकच शंका राहिली : अर्ज ईमेलने पाठवायचा आहे, तर ‘एन्क्लोज’ चालेल का?

कृष्णाकाठ
ईमेलसाठी ‘अटॅच’ लिहावे. ‘एन्क्लोज’ पाकिटातून पाठवलेल्या कागदांना अधिक योग्य आहे.